स्क्रीन कधी गेली कोण जाणे

मी आंधळ्या माणसांना कॉम्प्युटर निवडून देतो, असं सांगितलं की समोरचा माणूस जरा थांबतो. मग चाचरत विचारतो, "आणि तुमची स्वतःची नजर...?" मी म्हणतो, "मीही आंधळाच." त्यानंतर तो बराच वेळ थांबतो. कोणी मोठ्या मनाचा असला तर "वा, वा" म्हणतो आणि विषय चंदीगडच्या थंडीकडे नेतो.

मूळचा मी अकोल्याचा. केंद्र सरकारच्या एका कचेरीत टेलिफोन ऑपरेटर म्हणून नेमणूक झाली आणि इथे आलो. टेलिफोनचा बोर्ड होता तोवर मी राजा होतो. कोणत्या साहेबांना कोणाचा फोन नकोय, हे त्यांच्या आधी मला कळायचं. मग प्रत्येकाच्या टेबलावर थेट लाइन आली आणि बोर्ड भंगारात गेला. मला भंगारात काढता येत नव्हतं. मला एक चांगली खुर्ची दिली, तीही पंख्याखाली. त्या खुर्चीत बसून कंटाळलो, म्हणून कॉम्प्युटर शिकलो. ते पाहून कचेरीने मला शहरातल्या एका अंध प्रशिक्षण केंद्राकडे उसनं दिलं, आणि परत मागायला विसरली. निवृत्तीपर्यंत मी तिथेच शिकवत राहिलो. आता मोहालीत फ्लॅटमध्ये राहतो, पण फोन थांबलेले नाहीत.

हा धंदा डोळस माणसाला समजावणं सोपं आहे. कॉम्प्युटरवर जे लिहिलेलं दिसतं ते बोलून दाखवणारा एक प्रोग्राम असतो, त्याला स्क्रीन रीडर म्हणतात. आम्ही माउस वापरत नाही. बाण कुठे आहे हेच कळत नाही तर तो हलवून काय करायचं? सगळं बटणांनी चालतं. म्हणून कॉम्प्युटर घेताना मी आधी बोटांनी कीबोर्ड तपासतो. वरच्या ओळीतली बटणं चार-चारच्या गटात आहेत की सगळी एकमेकांना चिकटून बसली आहेत? इन्सर्ट नावाचं बटण वेगळं आहे का? डोळस माणसाने हे बटण जन्मात मुद्दाम दाबलेलं नसतं, आणि आमचा अर्धा संसार त्याच्यावर चालतो. मग आवाज ऐकतो. काही मशिनी वाक्याचं पहिलं अक्षर गिळतात, आणि 'मंजूर' आहे की 'नामंजूर' हे त्या पहिल्या अक्षरावर ठरतं. हेडफोनचं भोक आहे का, तेही पाहतो. स्क्रीन सगळ्यात शेवटी, म्हणजे पाहतच नाही.

लोक मात्र सुरुवात स्क्रीनपासून करतात. सेक्टर पस्तीसच्या एका ढिल्लों आंटींनी आपल्या पूर्ण अंध पुतण्यासाठी बाजारातला सगळ्यात मोठ्या स्क्रीनचा कॉम्प्युटर घेतला. मी कारण विचारलं. त्या म्हणाल्या, "भाईसाब, बच्चे को छोटी में कुछ नहीं दिखता, तो मैंने कहा बड़ी ले लो." यात काय चुकलं ते मी समजावून सांगितलं. त्यांनी मनापासून ऐकलं आणि विचारलं, "तो इससे भी बड़ी आती है?"

फुकट आणि विकतचा, असे दोन्ही प्रकारचे स्क्रीन रीडर असतात. माझ्या मते बहुतेकांचं फुकटच्यावर भागतं. पण पंजाबी माणसाला 'फुकट' आणि 'चांगलं' या दोन गोष्टी एका वाक्यात सांगितल्या की तो संशयाने घसा साफ करतो. सरकारी कचेरीतही तेच. तिथे फुकटच्या वस्तूला मंजुरी घ्यायची असली तर ती आधी कोणीतरी विकायला आणावी लागते.

हे सगळं सांगतोय ते सुनीताताईंसाठी. सुनीताताई वानखेडे मूळच्या अमरावतीच्या. त्यांच्या नवऱ्याची, प्रकाशरावांची, सरकारी कंपनीतल्या नोकरीत इकडे बदली झाली आणि कुटुंब चंदीगडजवळ झिरकपूरला फ्लॅटमध्ये आलं. ताई स्वतः चंदीगडच्या एका केंद्रीय कचेरीत पेन्शनच्या फायली पाहायच्या. चाळिशी ओलांडल्यावर त्यांची नजर हळूहळू गेली. कचेरीने त्यांना काढलं नाही. कायद्याने काढता येत नाही. कचेरीने त्यांचे लाड सुरू केले.

ताई मला फोनवर म्हणाल्या, "भाऊ, हे लोक वाईट असते तर बरं झालं असतं. सकाळी गेली की चहा. मग समोसा. मग कोणीतरी येऊन विचारते, मैडम जी, पंखा तेज कर दूँ? फाइल मागितली की म्हणतात, आप बस बैठो जी, आराम करो. अहो, मी काय पाहुणी आहे का? सहा महिन्यांत माझं वजन वाढून राहिलं, दुसरं काही नाही."

मला त्या खुर्चीचा इतिहास ठाऊक होता. मी म्हटलं, "ताई, मशीन घ्या. काम करून दाखवा."

कचेरीचं म्हणणं होतं, आधी काम करून दाखवा, मग मशीन देऊ. मशीनशिवाय काम कसं करून दाखवायचं, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं, आणि ते कोणी शोधतही नव्हतं. म्हणून ताईंनी स्वतःचा लॅपटॉप घ्यायचं ठरवलं. आम्ही दोघं सेक्टर बावीसच्या बाजारात गेलो. माझी बायको असल्या खरेदीला येत नाही. ती म्हणते, दुकानदारांचे चेहरे तिला बघवत नाहीत.

दुकानदार अरोरा नावाचा होता. त्याने पहिलाच लॅपटॉप उघडून सुरुवात केली, "अंकल जी, डिस्प्ले देखो, कलर देखो!" मी म्हटलं, "ब्राइटनेस पूरा बंद कर दो." तो म्हणाला, "फिर दिखेगा क्या?" मी म्हटलं, "कुछ नहीं." पुढचा सगळा वेळ आम्ही दोघं मशीनमागून मशीन मांडीवर घेऊन बटणं चाचपत होतो, कान लावून आवाज ऐकत होतो, आणि त्याचं बाकीचं गिऱ्हाईक आमच्याभोवती जमलं होतं. शेवटी एक मिळालं. कोपऱ्यात वेगळं इन्सर्ट, आवाज खणखणीत, पहिलं अक्षर न गिळणारं. ताई म्हणाल्या, "हे घ्या भाऊ, हे बोटांना आपलं वाटते." अरोराने बिल करताना अगदी हळू विचारलं, "अंकल जी, कलर कौन सा दूँ?"

मी प्रत्येकाला पहिल्याच दिवशी शिकवतो ती गोष्ट म्हणजे स्क्रीन काळी करणं. बटणांच्या एका जोडीने ती पूर्ण काळी होते आणि मशीन मात्र कानात बोलत राहतं. याचं कारण असं की आंधळ्याच्या मागे उभं राहून त्याची पत्रं वाचण्यात डोळस माणसाला काहीच गैर वाटत नाही. त्याला वाटतं, याला कुठे कळतंय. ताईंनी हा नियम इतका मनावर घेतला की स्क्रीन कायम काळीच. घरीही. प्रकाशरावांना आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलाला, चिन्मयला, त्यांनी बजावून ठेवलं होतं, स्क्रीन बंद दिसली तरी मशीनला हात लावायचा नाही.

त्या जोमाने शिकल्या. आधी मशीनचा आवाज सावकाश ऐकायच्या, मग वेग वाढवत नेला. सरावलेला माणूस ज्या वेगाने ऐकतो त्या वेगात इतरांना फक्त तेलात मोहरी तडतडल्यासारखं ऐकू येतं. ताईंची मोहरी दोन-तीन महिन्यांत फुटली. एक दिवस त्यांनी कचेरीला कळवलं, मी तयार आहे, परीक्षा घ्या.

परीक्षेला कमिटी नेमली गेली. अध्यक्ष गिल साहेब, आवाजावरून भारदस्त माणूस, बसले की खुर्ची कुरकुरायची. दुसरे बन्सल, कचेरीतल्या कॉम्प्युटर विभागाचे. तज्ज्ञ सल्लागार म्हणून मला बोलावलं होतं. गिल साहेबांनी खोलीत पाऊल ठेवताच चहा मागवला. ताई माझ्या कानाशी पुटपुटल्या, "झालं सुरू."

काय पणाला लागलं होतं ते आम्ही दोघं जाणून होतो. कमिटीने 'काम करू शकत नाहीत' असं एकदा लिहिलं की ताईंना निवृत्तीपर्यंत त्याच खुर्चीत बसायचं होतं, पूर्ण पगारावर, पूर्ण सन्मानाने, समोशासकट.

बन्सल यांनी पेन ड्राइव्हमध्ये एक तक्रारअर्ज आणला होता. रोपडच्या एका निवृत्त शिपायाचं पेन्शन अडकलं होतं. अर्ज वाचा आणि उत्तर लिहा, एवढीच परीक्षा. ताईंनी अर्ज उघडला. मशीन तडतडलं.

"ये कौन सी भाषा है?" गिल साहेबांनी विचारलं.

"इंग्लिश, सर."

"ये इंग्लिश है?"

ताईंनी वेग कमी केला. गिल साहेबांना इंग्लिश ओळखू आली आणि खोलीत जरा सैलपणा आला. तेवढ्यात बन्सल म्हणाले, "सर, मशीन तो बंद है."

"बंद कैसे? बोल तो रही है."

"स्क्रीन काली है, सर."

मी हसून सांगितलं की ती मुद्दाम काळी ठेवतात, आत्ता चालू करू. ताईंनी बटणं दाबली. मशीन बोललं, स्क्रीन चालू.

"अब भी काली है, मैडम."

ताईंनी पुन्हा दाबली. मशीन बोललं, स्क्रीन बंद.

"ये भी काली है."

"दोनों में फर्क क्या है?" गिल साहेब म्हणाले.

"सर, फर्क तो कोई नहीं है."

मग मी हस्तक्षेप केला. तज्ज्ञाच्या आवाजात म्हणालो, "साहब, स्क्रीन में कोई खराबी नहीं हो सकती. यह मशीन मैंने खुद चुनी है."

"आपने स्क्रीन देखी थी?"

"जी नहीं."

खोलीत कोणालातरी चहाचा ठसका लागला.

बन्सल यांनी झाकण हलवलं, मशीन उलटं केलं, सरळ केलं. शेवटी जाहीर केलं की स्क्रीन मेलेली आहे. आज नाही, केव्हाची. ज्या मशीनवर ताई महिनोन् महिने शिकल्या, ज्याची पारख करून मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली होती, ते मशीन आंधळं होतं आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. घरच्यांनाही नव्हता, कारण स्क्रीन काळी असणं हीच त्या घरातली रीत होती. जगात दुसऱ्या कोणत्या दोन माणसांकडून अशी चूक होईल, असं मला वाटत नाही.

बन्सल माणूस नियमाचा. ते म्हणाले, "सर, मशीन अनसर्विसेबल है. इस पर टेस्ट नहीं हो सकता. रिपोर्ट में लिख देते हैं कि मशीन के अभाव में क्षमता सिद्ध नहीं हुई."

ताई म्हणाल्या, "सर, स्क्रीन आपको चाहिए. मुझे नहीं चाहिए. मैं अभी लिख देती हूँ."

"मैडम जी, पर हमें दिखेगा कैसे कि आप लिख रही हैं?"

या प्रश्नावर कचेरीतले सगळे डोळस लोक कामाला लागले. बाहेरचा मॉनिटर जोडायचं ठरलं. मॉनिटर आला, पण त्याची तार जुनी आणि जाड, लॅपटॉपचं भोक नवं आणि बारीक. दुसरी तार आली, ती दोन्ही बाजूंनी जाड. मग शिपाई एका मजल्यावर गेला, बन्सल दुसऱ्या मजल्यावर गेले. शेवटी गिल साहेब स्वतः उठले, कारण त्यांच्या खोलीतल्या टीव्हीला तसली तार असल्याचं त्यांना आठवलं. टीव्ही भिंतीवर, तार टीव्हीच्या मागे, असं काहीतरी दूरवर ओरडणं ऐकू येत होतं.

खोलीत आम्ही दोघंच उरलो. ताई म्हणाल्या, "भाऊ, माहा पुन्हा चहा सुरू होते आता."

मला त्यांचा राग आला, गिल साहेबांचा आला, आणि सगळ्यात जास्त माझ्या त्या 'मैंने खुद चुनी है'चा आला. मी म्हटलं, "ताई, ते तार शोधून राहिले, तर शोधू द्या. तुम्ही काम करा ना बाप्पा."

त्यांनी मशीन कानाशी घेतलं. मोहरी तडतडली. अर्ज पूर्ण वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "अहो भाऊ, याचं पेन्शन कुठे अडकलं? याने बँकेची शाखा बदलली आणि नवा कोड कळवलाच नाही." एवढं बोलून त्या टाइप करायला लागल्या. मी आयुष्यभर बटणांचे आवाज ऐकत आलोय. भीतीने टाइप करणाऱ्याचा आवाज वेगळा असतो आणि कामात बुडालेल्याचा वेगळा. थोड्याच वेळात तो दुसरा आवाज सुरू झाला. मी तोंड घट्ट मिटून बसलो होतो. कोपऱ्यातल्या प्रिंटरची तार परीक्षेसाठी लॅपटॉपला आधीच जोडलेली होती. प्रिंटर घरघरला.

नेमके त्याच वेळी गिल साहेब परत आले, टीव्हीची तार गळ्यात घालून, असं मला नंतर कळलं. "ये क्या चल पड़ा अपने आप?" असं म्हणत त्यांनी प्रिंटरमधला कागद उचलला आणि मोठ्याने वाचला. पत्र चोख होतं. शिपायाला नवा कोड कळवायला सांगितलं होतं, सोबत कोणता कागद जोडायचा तेही.

"ये किसने लिखा?"

"मैंने, सर," ताई म्हणाल्या.

बन्सल परतले होते. त्यांना शंका आली. "सर, ये अंकल भी तो कमरे में थे."

सरकारी कचेरीत पहिल्यांदाच कोणी माझ्यावर काम केल्याचा आरोप करत होतं. खरं सांगायचं तर मला थोडं बरं वाटलं. गिल साहेबांनी मला भिंतीपाशी नेऊन उभं केलं आणि ताईंना म्हणाले, "मैडम, इसमें एक लाइन और डालो. असुविधा के लिए खेद है. पहले पैरा के बाद." ताईंनी बाणाची बटणं दाबली, जागा शोधली, ओळ घालायला घेतली. घालता घालता म्हणाल्या, "सर, आखिर में डालूँ? पहले पैरा में तो हमने उनकी गलती बताई है. गलती उनकी और खेद हमारा, साथ-साथ अच्छा नहीं लगेगा."

गिल साहेबांची खुर्ची कुरकुरली. मग ते म्हणाले, "आखिर में डालो जी."

दुसरा कागद निघाला. त्यांनी तो वाचला. खरं म्हणजे आता सगळं संपलं होतं, पण बन्सल यांनी तरीही टीव्हीची तार जोडली. ती बरोबर बसली, मॉनिटर उजळला आणि हातात होतं तेच पत्र पडद्यावर दिसलं. सगळे पडद्याभोवती गोळा झाले. "हाँ, अब दिख रहा है," बन्सल समाधानाने म्हणाले, आणि कमिटीची खात्री पटली.

लॅपटॉप दुरुस्तीला नेला तेव्हा कारागिराने झाकण उघडून सांगितलं, "आंटी जी, अंदर की तार निकली हुई है. महीनों की बात लगती है." कधी निघाली? झिरकपूरच्या ट्रॅफिकमध्ये कॅबचे ब्रेक लागले तेव्हा, की पिशवीत डबा वर ठेवला तेव्हा, कोण जाणे. चिन्मयला विचारलं तर तो म्हणाला, "मम्मी, मुझे क्या पता? आपने ही बोला था, काली दिखे तो हाथ मत लगाना."

कमिटीच्या अहवालात लिहिलं होतं की कर्मचारी कार्यक्षम आहे, मशीन नाही. कचेरीने ताईंसाठी नवं मशीन मागवलं. त्याच्या अटींमध्ये एक अट बन्सल यांनी स्वतः घातली होती: स्क्रीन उत्तम दर्जाची असावी. ताईंच्या टेबलावर फायली येऊ लागल्या आणि समोसे बंद झाले. आता त्यांना माझ्याशी बोलायलाही वेळ मिळत नव्हता, आणि मला ते आवडत होतं.

मग एके दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन आला. आवाज कापत होता.

"भाऊ, मले मेमो आला!"

"कशाचा मेमो?"

"चूक झाली ना माझी. एका बाईचं फॅमिली पेन्शन चुकीच्या तारखेपासून लावलं. गिल साहेब सगळ्यांसमोर असं फाडफाड बोलले, असं बोलले... आणि मग मेमो. स्पष्टीकरण द्या म्हणतात."

मी धीर द्यायला तोंड उघडलं, तेव्हा लक्षात आलं की त्या रडत नव्हत्या. हसत होत्या. मागून प्रकाशरावांचा आवाज आला की ते बर्फी आणायला निघाले आहेत, आणि कचेरीत वाटायची असेल तर किती लागेल. ताईंनी त्यांना गप्प केलं. "त्या बाईची तारीख मी दुरुस्त केली हो, ते आधी केलं. पण भाऊ, विचार करा. चूक झाली म्हणून मला रागावले. पंखा तेज करू का, असं नाही विचारलं कोणी."

माझ्या निरोपसमारंभात साहेब म्हणाले होते, इनकी पूरी नौकरी में एक भी गलती नहीं हुई. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. ती बोर्डानंतरची सगळी वर्षं माझ्याकडे चूक करायला कचेरीचा एक कागदसुद्धा आला नव्हता.

"वाचून दाखवा," मी म्हटलं.

"मी वाचते कशाला? थांबा." त्यांनी मशीन फोनजवळ ठेवलं आणि माझ्यासाठी वेग कमी केला. ते सपाट आवाजात वाचत गेलं: आपल्या निष्काळजीपणाबद्दल, आपल्याकडून अपेक्षित दक्षता, आपण लेखी खुलासा करावा. एकही अक्षर गिळलं नाही. संपल्यावर ताईंनी विचारलं, "काय लिहू आता खुलाशात?"

"ते नंतर सांगतो," मी म्हटलं. "आधी पुन्हा एकदा लावा."